पाठीवरचा समुद्र

डॉक्टरांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि त्याच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते हे, की चित्र उलटं लागलंय. डॉक्टर थबकले. चष्म्यावरून त्यांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "उलटं म्हणजे?" स्क्रीनवर त्याच्या बायकोच्या पाठीवरचा डाग होता, भिंगातून घेतलेला, ताटाएवढा झालेला. त्याचं निमुळतं टोक खाली आलं होतं. त्याच्या लेखी ते टोक वर असायचं, उत्तरेला. डाव्या अंगाला दोन खाड्या आत घुसलेल्या असायच्या आणि दक्षिणेकडे किनारा विरत विरत तपकिरी वाळूत मिसळून जायचा. "काही नाही, मला वाटलं..." असं म्हणून त्याने वाक्य तिथेच सोडलं, कारण जे वाटलं ते सांगण्यासारखं नव्हतं. त्याला वाटलं होतं की डॉक्टरांनी कुठून तरी त्याने चित्रात घडवलेला ग्रह मिळवून इथे लावलाय. आणि लाजेची गोष्ट म्हणजे, एक क्षणभर त्याला बरंही वाटलं होतं, आपलं काम इथवर पोचलं म्हणून. मग डॉक्टर पेनाचं टोक त्या किनाऱ्यावरून फिरवत बोलू लागले. "कडा बघा. एकसारखी नाही. रंगही एक नाही, काळा आहे, तपकिरी आहे, लालसर आहे, इथे निळसर आहे. हे मला आवडत नाहीये." नेमक्या याच गोष्टींसाठी त्याची पाठ थोपटली गेली होती: वेडीवाकडी कडा आणि एकाच समुद्रात दडलेले चार रंग. पडद्याआड बायको कपडे नीट करत होती, बटणं लावताना नेहमीसारखी गुणगुणत होती. डॉक्टर म्हणाले, "तुकडा तपासायला घेतलाय, अहवाल येईल तेव्हा येईल. पण पाठीचा एखादा जुना फोटो आहे का? हे किती झपाट्याने वाढलंय ते कळलं, तर पुढची घाई किती करायची ते मला आत्ताच ठरवता येईल." पडद्याआडून बायको हसली. "फोटो? अहो डॉक्टर, ढिगाने आहेत! हा ना, ग्रह बनवतो, म्हणजे चित्रं हो, आकाशातली. माझ्या पाठीचं पार वाळवंट करून ठेवलंय यानं." आणि तो म्हणाला, "नाहीत. पुसून टाकले मी. काम झालं की पुसतो." पावाच्या कडेचा फोटोसुद्धा ज्याने आजवर टाकून दिला नव्हता, त्या माणसाने हे सांगितलं, आणि इतक्या सहज सांगितलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पडदा सरकवून ती बाहेर आली. "कधीपासून रे पुसायला लागलास?" "जागा पुरत नाही," तो म्हणाला. तिने ते मान्य केलं. त्याचं काहीही ती असंच मान्य करत आली होती.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि उद्या कोणकोण पेशंट येणार आहेत ते सांगत राहिली. मानेवाले आजोबा, गुडघ्यावाली वकीलबाई, खांदा निखळलेला एक गोलंदाज. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांच्या पाठी तिच्या हाताखालून जायच्या, आणि पाठ बघून ती माणसाची कुंडली मांडायची: हा खुर्चीत एका कुल्ल्यावर बसतो, ही मूल नेहमी डाव्याच कडेवर घेते, याला काही झालेलं नाही, याला फक्त कुणीतरी हात लावायला हवाय. स्वतःची पाठ मात्र तिने जन्मात पाहिली नव्हती. कोण पाहतं? ती पाहणारा घरात एकच माणूस होता, आणि त्याचे डोळे तर सगळ्या स्टुडिओत नावाजलेले. "घाबरलास का?" तिने मध्येच विचारलं. "मी नाही घाबरले. हल्ली सगळं बरं होतं. वेळेवर कळलं की झालं." वेळेवर हा शब्द त्याच्या कानात असा शिरला की पुढचे दोन-तीन थांबे ती काय बोलली ते त्याला ऐकूच आलं नाही. तो तिच्या मानेकडे पाहत होता. कॉलरच्या वर बारीक लव होती. तिच्या पाठीच्या फोटोवरची अशीच लव त्याने एकेक केस करून पुसली होती, कारण ग्रहावर लव नसते.

स्टुडिओ तारांगणांसाठी खेळ बनवायचा. घुमटाखाली लोक मान मागे टाकून बसतात आणि डोक्यावरून परकी आकाशं सरकत जातात, ती आकाशं इथे तयार व्हायची. माणसं कामाच्याच नावाने ओळखली जायची. ढग करणारा तो ढगवाला, ग्रहांभोवतीची कडी करणारी ती कडीवाली, आणि हा जमीन करायचा म्हणून जमीनदार, खरं तर भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा. त्याचा एकच हट्ट होता. मनाने काढलेली जमीन तो कधी वापरायचा नाही. मनाने काढलेली जमीन लगेच ओळखू येते, म्हणायचा, माणसाचं मन आळशी असतं, चार खड्डे काढले की पाचवा पहिल्यासारखाच काढतं. म्हणून तो खऱ्या वस्तूंचे पृष्ठभाग चोरायचा. करपलेल्या तव्याचा तळ, गंजलेलं शटर, टाकीवरचं शेवाळ, कांद्याचं साल, भिंतीची ओल. यांचे अगदी जवळून फोटो काढायचे, ते मोठे करायचे, गोळ्याला गुंडाळायचे, बाजूने उजेड सोडायचा, की तव्याचा तळ कुठल्या तरी दूरच्या सूर्याभोवती फिरू लागायचा. सासरे हयात असताना म्हणायचे, "जावई म्हणजे दहावा ग्रह हे ऐकून होतो, पण आमच्या जावयाने तर कारखानाच घातलाय." बायकोलाही त्याची गंमत वाटायची. भांडं करपलं की घासण्याआधी ती त्याला हाक मारायची, "ये रे, तुझा ग्रह तयार झालाय." अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं ढगवाला म्हणायचा, आणि ते खरंच होतं. मग एका संध्याकाळी ती कामावरून दमून येऊन पालथी पडली होती, खिडकीतून तिरपा उजेड तिच्या उघड्या पाठीवर आला होता, आणि त्याला दिसलं की गावभर पृष्ठभाग शोधत फिरलो ते उगाच, काखेत कळसा होता. रोमरंध्रांचे खड्डे, कातडीच्या बारीक रेघांच्या कोरड्या नद्या, मधोमध मणक्यांची डोंगररांग. आणि रांगेच्या पायथ्याशी, खांद्याच्या फऱ्याजवळ, एक छोटासा काळा तीळ.

या तिळाशी येऊन त्याची आठवण दर वेळी वाकडी वळायची. उन्हाळ्यात पहिले फोटो काढले आणि थंडी पडू लागली तेव्हा पुन्हा काढले, एवढं त्याला आठवत होतं. पण समुद्र? समुद्र आपण काढला, असं तो धरून चालला होता. मनगट हलल्याचं आठवत होतं, पेन संगणकाच्या पाटीवर सरकल्याचा तो खरखरीत स्पर्श आठवत होता, खाडीच्या तोंडाशी हात जरा सैल सोडल्याचंही आठवत होतं. खेळाच्या पहिल्या दिवशी घुमटाखाली ती त्याच्या शेजारी बसली होती. शेवटी तो ग्रह क्षितिजावरून उगवला, हळूहळू सगळा घुमट व्यापून बसला, आणि काळा समुद्र प्रेक्षकांच्या डोक्यावर आला तेव्हा अख्ख्या अंधारातून एक 'आ' उमटला. तिने त्याचा हात घट्ट धरला. "तो काळा समुद्र कसा रे सुचला तुला?" तिने कानाशी येऊन विचारलं. "सुचला," तो म्हणाला. तिने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी थांबवल्यावरही वाजवल्या. स्टुडिओच्या प्रमुखबाई नंतर चार लोकांत म्हणाल्या की बाकी सगळं शिकवता येतं, असा किनारा शिकवता येत नाही, तो जन्माने हातात यावा लागतो. ते वाक्य त्याने महिनाभर जिभेवर घोळवलं होतं. आता बसमध्ये त्याच वाक्याचा त्याला आधार वाटू लागला. किनारा आपल्या हातातला असेल, तर सगळं निराळं. मग डॉक्टरांच्या स्क्रीनवरचा तो सारखेपणा हा निव्वळ योगायोग. आपण एक समुद्र काढला आणि पुढे कधीतरी तिच्या पाठीवर तसाच डाग उठला. वेडेपणाच होता हा, त्यालाही कळत होतं. पण बुडणारा माणूस काडी पारखून घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी स्टुडिओत पोचला आणि ग्रहाची मूळ फाइल उघडली. त्यांच्या कामात चित्र एका कागदावर नसतं. काचा एकावर एक ठेवाव्यात तसे त्याचे थर असतात, प्रत्येक थरावर एकच गोष्ट, हवा तो थर झाकावा, हवा तो उघडावा. त्याने वरून सुरुवात केली. आधी चमक काढली. मग हवेचं निळं वलय काढलं, तसा ग्रह कडेला कापल्यासारखा टोकदार झाला. मग ढग काढले. मागून आवाज आला, "अरे, माझे ढग का उडवलेस? जीव तोडून केले होते." ढगवाला चहाचा कप घेऊन उभा होता. "बघतोय, खाली काय आहे ते." "खाली काय असणार? जमीन. तूच केलीस ना?" असं म्हणून हसत हसत तो आपल्या जागेवर गेला. त्याने ध्रुवावरचं बर्फ काढलं. धूळ काढली. बाजूने सोडलेला उजेड काढला, तशी डोंगररांग सपाट झाली. पाण्यावरची लकाकी काढली. ती खरोखर त्याने रंगवलेली होती, तो थर त्याच्या हातचा होता. आता समुद्र जाईल, असं प्रत्येक थराला त्याला वाटत होतं. आता हा थर झाकला की समुद्र जाईल आणि खाली स्वच्छ वाळू उरेल. रंग बदलणारा थर काढला तेव्हा वाळूची तांबूस छटा गेली आणि गव्हाळ रंग आला, तिचा रंग. समुद्र तिथेच होता. शेवटी एकच थर उरला, ज्यावर त्याने लव पुसली होती. तोही त्याने झाकला. बारीक सोनेरी लव परत आली, आणि लवेच्या खाली तो किनारा जसाच्या तसा, दोन खाड्यांसकट, चारी रंगांसकट, कुणाच्याही हाताचा नसलेला.

आजूबाजूला खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी कुणाला तरी काल रात्रीची मॅच सांगत होतं. मनगटाची ती आठवण, पेनाची ती खरखर, ती लव पुसतानाची होती. त्याने फक्त केस पुसले होते. मग न राहवून त्याने उन्हाळ्यातला पहिला फोटो शोधून शेजारी लावला. त्यात डाग मसुराच्या दाण्याएवढा होता, गोल, शहाण्यासारखा आपल्या जागी बसलेला. थंडीतल्या फोटोत त्याच दाण्याचा देश झाला होता. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी पाहिल्यावर, जे आठवू नये म्हणून कालपासून त्याने एवढी धडपड केली होती ते त्याला आठवलं, आणि ते अगदी स्पष्ट आठवलं. थंडीतल्या त्या दिवशी तिने पाठ उघडी केली, त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं, डाग पसरला आहे हे त्याला दिसलं. दिसलं नाही असं झालंच नव्हतं. दिसलं, आणि त्याला आनंद झाला. उन्हाळ्यातल्या फोटोवर त्याचं समाधान नव्हतं, ग्रह नुसताच वाळवंटी होत होता, त्याला काहीतरी हवं होतं, आणि ते काहीतरी आपोआप चालून आलं होतं. लॉटरी लागल्यासारखा तो खूश झाला होता. त्यानंतर कितीतरी आठवडे रोज, दिवसभर, तो डाग त्याने चारशे पट मोठा करून पाहिला. तिच्या अंगावरचं दुसरं काहीही त्याने कधी इतकं पाहिलं नव्हतं. आणि या सगळ्या काळात ती त्याच्या शेजारी झोपत होती, पेशंटांच्या गमती सांगत होती, आणि तो डाग वाढत होता. दुरून डोंगर साजरे म्हणतात. त्याला जवळून साजरे दिसले होते, त्याला काय म्हणायचं?

फाइल पुसून टाकायला एक बोट पुरलं असतं. काल डॉक्टरांना सांगितलेलं खोटं आज खरं झालं असतं, आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. त्याने स्वतःला समजावून पाहिलं: डाग डॉक्टरांसमोर आहेच, तुकडा घेतलाच आहे, एका फोटोने असं काय अडतंय? पण घाई किती करायची हे डॉक्टर त्या फोटोवरून ठरवणार होते, आणि घाईवर तिचं काय होणार ते ठरणार होतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही बोट त्या बटणावर टेकून राहिलं. शेवटी त्याने ते उचललं. का उचललं, याचं उत्तर चांगलं असायला हवं होतं. तिच्या जिवासाठी उचललं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण बोट त्या घडीला थांबलं, कारण चित्र उत्तम होतं. ते पुसवेना. हे कळल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. खुर्ची मागे ढकलून तो न्हाणीघरात गेला, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. आरशात त्याने पाहिलं नाही. मग परत येऊन दोन्ही फोटो त्याने घेतले, तब्येत बरी नाही असं सांगितलं आणि भर दुपारी घरी आला.

ती अर्ध्या दिवसानंतरच घरी आली होती, पाठ ठणकते म्हणून. जमिनीवर भिंतीला पाठही न टेकवता ताठ बसली होती. त्याने काही न बोलता लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. तिची बोटं सवयीने स्क्रीनवरच्या मणक्यांच्या रांगेवरून खाली उतरत गेली. "हा सातवा," ती स्वतःशीच म्हणाली, "फऱ्याच्या टोकाशी. ही मी आहे." "हो." "पुसले होतेस ना?" "नव्हते पुसले." तिने दुसरा फोटो पाहिला, मग पहिला, मग पुन्हा दुसरा. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ओरडली असती तर फार बरं झालं असतं. "हा तो समुद्र," ती म्हणाली. "मी टाळ्या वाजवल्या होत्या." त्याने मान हलवली. "पहिला फोटो चांगला होता की. मग परत का काढलास?" पहिला धूसर आला होता, असं सांगता आलं असतं. फोटोतलं तिला काय कळतंय. "कारण ते वाढलं होतं," तो म्हणाला. "छान दिसत होतं." ती बोलली तो तिचा पेशंटांशी बोलतानाचा आवाज होता, समजूत घालणारा, आणि तोच त्याला सहन होईना. "त्या दिवशी मी तुला विचारलं होतं. तिथे खाजतंय, काही आलंय का बघ म्हटलं. काय म्हणालास आठवतं?" त्याला आठवत नव्हतं. खरोखर आठवत नव्हतं. "हलू नकोस म्हणालास. उजेड जाईल म्हणालास. मी नाही हलले." मग ती उठली. "डॉक्टरांना पाठव आत्ताच. दोन्ही पाठव, आणि तारखा घाल." त्याने पाठवले. अर्ध्या तासात डॉक्टरांचा फोन आला, तिच्याच फोनवर. ती "हो", "बरं", "उद्याच?" एवढंच बोलली. अहवालाची वाट पाहायची नाही, सकाळीच भरती व्हायचं, असं ठरलं होतं. तो म्हणाला, "मी रजा काढतो." ती म्हणाली, "काढ."

संध्याकाळी तुकडा घेतलेल्या जागेचं प्लास्टर बदलायचं होतं. आदल्या दिवशी ते काम त्याने केलं असतं, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. तिने कपाटाच्या आरशासमोर उभं राहून एक हात वरून टाकून पाहिला, मग खालून मुरगळून पाहिला. दिवसभर दुसऱ्यांचे हात वळवणाऱ्या बाईचा हात स्वतःच्या सातव्या मणक्यापर्यंत पोचत नव्हता. "दे, मी लावतो," तो म्हणाला. तिने ऐकलं नाही असं नव्हतं. प्लास्टर, कापूस, औषधाची बाटली तिने मुठीत घेतली, खांद्यावरून ओढणी घेतली, आणि दार उघडून समोरच्या दाराची घंटा वाजवली. समोर एक निवृत्त टायपिस्टबाई एकट्याच राहायच्या. यांचा आणि त्यांचा संबंध म्हणजे पाण्याच्या मोटारीवरून झालेली एक कुरबुर, तेवढाच. "जरा मदत कराल का?" बायकोचा आवाज आला. "पाठीला हात पोचत नाहीये." "ये ना गं, ये, आत ये," त्या म्हणाल्या. त्यांचं दार नुसतंच लोटलेलं राहिलं. तो आपल्या उंबऱ्यात उभा राहिला. पुढे जावं की दार लावून घ्यावं ते त्याला कळेना. जुनं प्लास्टर सोलल्याचा आवाज आला, मग टायपिस्टबाईंचा श्वास अडकल्याचा. "अगं बाई! केवढं हे! आणि घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही?"

"आलं होतं," ती म्हणाली. "त्याला आवडलं होतं ते."